प्रचारातील शब्द आणि दप्तरातील नोंद : नव्या मतदाराने उमेदवार कसा पडताळावा

निवडणुकीच्या काळात ‘दुटप्पी’ हा शब्द प्रत्येक व्यासपीठावरून प्रत्येकाबद्दल उच्चारला जातो आणि त्यामुळेच त्याचे वजन उरत नाही. मतदाराला त्याचा उपयोग व्हायचा असेल, तर आरोपासोबत दोन गोष्टी जोडलेल्या असाव्या लागतात : उमेदवार काय बोलला याची तारखेसह नोंद, आणि त्याने काय केले याची तितकीच पक्की नोंद. या दोन्ही नोंदी कोठे मिळतात, कशा वाचाव्यात आणि त्यांत विसंगती आढळली तर कोणत्या दारी जावे, हे मतदारयादीत नुकतेच नाव नोंदवलेल्या नागरिकासाठी येथे क्रमाने मांडले आहे. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. महापालिका, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायती यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तेथेही उमेदवाराला मालमत्ता आणि गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते, परंतु अधिकारी, नमुने आणि खर्चाच्या मर्यादा वेगळ्या असतात.

आरंभी एक भेद मनात स्पष्ट करून घ्यावा. एखाद्या लोकप्रतिनिधीने दहा वर्षांपूर्वी एका धोरणाला विरोध केला, पुढे अनुभवाने मत बदलले आणि ते का बदलले हे लोकांसमोर उघडपणे सांगितले, तर त्याला दुटप्पीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. विरोधी बाकांवर असताना ज्या कृतीला लोकशाहीचा घात म्हटले, तीच कृती सत्तेत आल्यावर कोणतेही कारण न देता केली, किंवा प्रतिस्पर्ध्याच्या ज्या दोषासाठी मते मागितली तोच दोष आपल्या गोटात झाकला, तर तो दुटप्पीपणा. यातील बराचसा भाग नैतिक असतो, बेकायदेशीर नसतो. पक्षांतरावर कठोर टीका करणारा नेता स्वतः निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलतो तेव्हा तो मतदाराच्या प्रश्नाला उत्तर देणे लागतो. परंतु १९८५ मध्ये राज्यघटनेत समाविष्ट झालेली दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीची तरतूद, केवळ सभागृहाच्या विद्यमान सदस्यांना लागू होते. म्हणून हाती आलेली प्रत्येक विसंगती ‘मतपेटीत निकाल लावण्याची’ आहे की ‘तक्रार करण्याची’ आहे, हे आधी ठरवावे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे कित्येक प्रामाणिक तक्रारी पहिल्याच टप्प्यावर निकाली निघतात.

पहिली पायरी : बोललेले शब्द जसेच्या तसे टिपणे

एक वही किंवा संगणकावरील एक तक्ता पुरेसा आहे. त्यात वक्त्याचे नाव, दिनांक, ठिकाण, नेमके शब्द आणि ते कोठे ऐकले किंवा वाचले हे लिहावे. भाषणाची पंधरा सेकंदांची चित्रफीत हाती आली, तर संपूर्ण भाषण शोधून ऐकल्याखेरीज ती नोंदवू नये. वाक्याच्या आधी ‘विरोधक म्हणतात की’ हे शब्द होते आणि ते कापले गेले, असे वारंवार घडते. शिवाय आता कृत्रिम आवाज आणि कृत्रिम चेहरे तयार करणेही सोपे झाले आहे. जाहीरनामा प्रकाशित झाला की त्याची प्रत त्याच दिवशी जतन करावी आणि मागील निवडणुकीचा जाहीरनामाही शोधून ठेवावा, कारण निकालानंतर काही काळाने जुन्या प्रती सहजासहजी सापडत नाहीत.

जाहीरनाम्याबाबत एक तरतूद नव्या मतदारांना बहुधा ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये सुब्रमण्यम बालाजी प्रकरणात दिलेल्या निर्देशांनंतर आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्यांवर स्वतंत्र भाग समाविष्ट झाला. आश्वासनामागील तर्क जाहीरनाम्यात दिसावा आणि त्यासाठी लागणारा पैसा कोठून येणार हे ढोबळमानाने तरी सांगितलेले असावे, अशी अपेक्षा त्यात आहे. एखादा पक्ष दुसऱ्याच्या आश्वासनांना तिजोरीवरील दरोडा म्हणत असेल, तर त्याच्या स्वतःच्या जाहीरनाम्यात पैशाचा हिशेब कोणत्या पानावर आहे, हे पाहावे.

या वहीचा एक नियम मी कळकळीने सुचवीन. ज्या उमेदवाराला मत द्यावे असे मनातून वाटते, त्याचे पान सर्वांत आधी भरावे. प्रतिस्पर्ध्याचे दोष शोधणारे लोक आपोआप भेटतात. आपल्या पसंतीच्या माणसाकडे त्याच मापाने पाहणारा मतदार मात्र दुर्मीळ असतो.

दुसरी पायरी : शपथपत्र वाचणे

उमेदवाराच्या कथनी आणि करणीतील अंतर मोजण्यासाठी त्याच्या स्वतःच्या सहीचा ‘नमुना २६’, म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्र, यासारखा दुसरा दस्तऐवज नाही. तो आपल्या हाती कसा आला, हा इतिहासही विषयाशी निगडितच आहे. उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला. त्यानंतर कायद्यातच दुरुस्ती करण्यात आली आणि कायद्यात सांगितले आहे त्यापलीकडे काहीही उघड करण्याचे बंधन उमेदवारावर नाही, असे ठरवण्यात आले. व्यासपीठावर पारदर्शकतेची भाषा आणि सभागृहात हा कायदा, असे ते चित्र होते. न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी हे ‘३३ ब’ कलम रद्द केले आणि मतदाराचा हक्क टिकला.

अर्ज दाखल झाल्यावर शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या सूचनाफलकावर लावले जाते आणि निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरही पाहता येते. ‘मायनेता’ या संकेतस्थळावर मागील अनेक निवडणुकांतील शपथपत्रांचे सारांश आहेत, तरी सारांशावर न थांबता मूळ स्कॅन केलेली प्रत उघडावी. याच उमेदवाराचे मागील निवडणुकीतील शपथपत्रही शेजारी ठेवावे, कारण या दस्तऐवजाचा खरा उपयोग तुलनेत आहे.

गुन्ह्यांच्या रकान्यांत प्रलंबित प्रकरणांचे गुन्हा क्रमांक, न्यायालय, कलमे, दोषारोप निश्चित झाले आहेत की नाही आणि आधी शिक्षा झाली आहे का, हे द्यावे लागते. येथे केवळ प्रकरणांची संख्या मोजणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. जमावबंदी मोडल्याची किंवा आंदोलनात रस्ता अडवल्याची दहा प्रकरणे आणि खंडणीचे किंवा फसवणुकीचे एकच प्रकरण यांची तुलना संख्येने होऊ शकत नाही. गुन्हा दाखल होणे, दोषारोप निश्चित होणे आणि दोष सिद्ध होणे या तीन वेगवेगळ्या अवस्था आहेत, आणि आरोपीला गुन्हेगार म्हणणे हे उमेदवाराइतकेच मतदारालाही शोभत नाही. दोन वर्षे किंवा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झालेला सदस्य तत्काळ अपात्र ठरतो, हे १० जुलै २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतरचे चित्र आहे. त्यापूर्वी अपील दाखल करून पद राखता येत असे.

पक्षांच्या दुटप्पीपणाची सर्वांत सोपी कसोटी याच ठिकाणी मिळते. गुन्हेगारी प्रकरणे असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिल्यास ती का दिली आणि स्वच्छ पार्श्वभूमीचा उमेदवार का मिळाला नाही, याची कारणे पक्षाने आपल्या संकेतस्थळावर, समाजमाध्यमांवर आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी दिला. निवडून येण्याची क्षमता एवढेच कारण चालणार नाही, हेही त्यात स्पष्ट केले आहे. ही निवेदने शोधून वाचावीत. अनेक मतदारसंघांतील वेगवेगळ्या उमेदवारांसाठी एकच साचेबंद मजकूर वापरलेला आढळला, तर गुन्हेगारीमुक्त राजकारणाच्या घोषणेबद्दल त्या पक्षाला काय विचारायचे, हे आपल्याला कळलेले असेल.

मालमत्तेचा भाग घाईने वाचू नये. एकूण रक्कम पाच वर्षांत दुप्पट झाली एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण जमिनीचा बाजारभाव वाढला तरी आकडा फुगतो. शपथपत्रात वारसाने आलेली आणि स्वतः संपादन केलेली स्थावर मालमत्ता वेगळी दाखवावी लागते, आणि खरेदीचा दिनांक व त्या वेळची किंमतही द्यावी लागते. म्हणून जुन्या शपथपत्रात नसलेल्या नव्या नोंदी आधी वेगळ्या काढाव्यात, त्यांची खरेदी किंमत जोडावी आणि ती रक्कम उमेदवार, जोडीदार व अवलंबित यांच्या शेवटच्या पाच प्राप्तिकर विवरणपत्रांतील उत्पन्नाशी, तसेच दाखवलेल्या कर्जाशी ताडून पाहावी. उत्पन्नाचे स्रोत देण्याचे बंधन फेब्रुवारी २०१८ च्या लोकप्रहरी निकालानंतर आले. शासकीय कंत्राटांचा रकाना आणि शासकीय थकबाकीचा रकाना हेही लहान दिसतात, परंतु ठेकेदारीविरुद्ध गर्जना करणाऱ्याच्या कुटुंबाचे नाव याच रकान्यात आढळू शकते.

येथे नवख्याने एक मर्यादा ओळखावी. शपथपत्रातील माहिती खोटी आहे असे वाटल्यास आपण प्रतिशपथपत्र दाखल करू शकतो आणि तेही प्रसिद्ध होते. परंतु निवडणूक निर्णय अधिकारी तेवढ्यावरून अर्ज फेटाळत नाही. सूचना देऊनही रकाने कोरे सोडणे, हे मात्र २०१३ च्या ‘रिसर्जन्स इंडिया’ निकालानुसार अर्ज फेटाळण्याचे कारण ठरते. खोटी माहिती देणे किंवा माहिती दडवणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२५ अ नुसार सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा असून त्याची दाद न्यायालयात मागावी लागते.

तिसरी पायरी : सभागृहातील आणि शासनाच्या दप्तरातील नोंद

उमेदवार आधीच आमदार, खासदार किंवा मंत्री असेल, तर त्याच्या शब्दांची परीक्षा त्याच्या कामाच्या नोंदीवर व्हावी. खासदारांचे प्रश्न, चर्चेतील सहभाग आणि उपस्थिती संसदेच्या संकेतस्थळावर, तसेच ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’च्या संकेतस्थळावर पाहता येते, विधिमंडळाच्या कामकाजासाठी महाराष्ट्र विधानमंडळाचे संकेतस्थळ आहे. मात्र मंत्री हजेरीपटावर सही करीत नाहीत आणि प्रश्नही विचारीत नाहीत, म्हणून त्यांच्या नावापुढे शून्य दिसले तर तो दोष समजू नये. त्याचप्रमाणे बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि कोणी कसे मत दिले याची व्यक्तिगत नोंद मतविभागणी झाली तरच राहते. ‘मी या कायद्याला विरोध केला होता’ असे कोणी सांगत असेल, तर मतविभागणी झाली होती का, नसल्यास त्या चर्चेत त्याचे भाषण आहे का, हे शोधावे.

घोषणांच्या बाबतीत मला सर्वांत उपयुक्त वाटते ती साखळी पुढीलप्रमाणे आहे. घोषणा हे केवळ वाक्य असते. तिचा शासन निर्णय निघाला तर तो महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर सांकेतांकासह सापडतो. शासन निर्णयानंतर अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत तरतूद व्हावी लागते, मग प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश येतात, आणि त्यानंतर प्रत्यक्ष खर्च होतो. आचारसंहिता लागू होण्यापूर्वीच्या शेवटच्या दिवसांत भूमिपूजने आणि शासन निर्णय यांची जी गर्दी उसळते, तिच्याकडे या साखळीतून पाहावे. कोनशिला बसली, परंतु तरतूद नाही. तरतूद आहे, परंतु कार्यादेश नाही, असा तुटलेला दुवा सापडला की प्रश्न आपोआप नेमका होतो. ‘मी रस्ता केला’ या वाक्याबद्दलही तसेच आहे. खासदार निधीतून वर्षाला पाच कोटी रुपयांच्या कामांची केवळ शिफारस खासदार करतो. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते आणि पैसा जनतेचा असतो.

माहिती संकेतस्थळावर नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्कात अर्ज करता येतो. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे, तर अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यापासून मतदानापर्यंतचा प्रचारकाळ दोन आठवड्यांच्या आसपासच असतो. त्यामुळे हा अर्ज निवडणूक जाहीर होण्याच्या कित्येक महिने आधीच केलेला असावा. या कायद्याचे श्रेय पक्ष आवर्जून घेतात. तरीही केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी सहा राष्ट्रीय पक्षांना या कायद्याच्या कक्षेत आणले, तेव्हा त्या आदेशाचे पालन झाले नाही. पारदर्शकतेवर भाषण ऐकताना हे आठवावे, आणि एका पक्षाबद्दल नव्हे तर सर्वांबद्दल आठवावे.

चौथी पायरी : आचारसंहिता आणि सत्तेचा वापर

आदर्श आचारसंहिता निवडणुकीच्या घोषणेपासून निवडणूक प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत लागू असते. तिची मुळे १९६० मधील केरळच्या निवडणुकीपर्यंत जातात आणि मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात, म्हणजे १९९० ते १९९६ दरम्यान, तिचा धाक देशाला जाणवला. सत्ताधारी पक्षासाठी तिच्यात स्वतंत्र भाग आहे. मंत्र्याने शासकीय दौरा आणि प्रचार यांची सांगड घालू नये, शासकीय वाहन, विमान आणि कर्मचारी प्रचाराला वापरू नयेत, नव्या योजना आणि अनुदाने जाहीर करू नयेत, सरकारी खर्चाने स्वतःच्या कामगिरीच्या जाहिराती देऊ नयेत, आणि विश्रामगृहे व मैदाने इतर पक्षांनाही त्याच अटींवर मिळावीत. आधीच प्रत्यक्ष सुरू झालेली कामे मात्र चालू राहू शकतात, म्हणून खोदलेला रस्ता दिसला की तक्रार करायची असे नाही.

ही संहिता स्वतः कायदा नाही. आयोग नोटीस देतो, समज देतो, प्रचारबंदी घालतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत अनेक नेत्यांवर ४८ ते ७२ तासांची बंदी आली होती. मात्र तिच्यातील काही गोष्टी कायद्यातही गुन्हा किंवा भ्रष्ट आचरण ठरतात : मतांसाठी पैसा किंवा वस्तू देणे, धर्म, जात किंवा भाषेच्या नावाने मत मागणे, प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे पसरवणे, आणि निवडणूक जिंकण्यासाठी सरकारी कर्मचाऱ्यांची मदत घेणे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जून १९७५ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांची निवड रद्द केली, ती याच शेवटच्या कारणावरून. पुढे कायद्यातील दुरुस्तीनंतर सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

उल्लंघन डोळ्यांसमोर घडत असेल, तर आयोगाचे ‘सी-व्हिजिल’ हे ॲप वापरावे. त्यात छायाचित्र किंवा दोन मिनिटांपर्यंतची चित्रफीत त्याच क्षणी काढून पाठवावी लागते. भ्रमणध्वनीत आधीपासून साठवलेले चित्र चालत नाही. ठिकाण आपोआप नोंदले जाते, भरारी पथक पाठवले जाते आणि शंभर मिनिटांत कार्यवाहीचे उद्दिष्ट असते. नाव गुप्त ठेवण्याची सोय आहे, परंतु त्या स्थितीत पाठपुराव्याची माहिती मिळत नाही. स्वतःला धोका होईल अशा ठिकाणी उभे राहून चित्रण मुळीच करू नये. ॲप नसेल तर १९५० या मतदार मदत क्रमांकावर बोलता येते. प्रचारपत्रक हाती आले की त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता आहे का, हेही पाहावे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७ अ नुसार ते बंधनकारक आहे आणि निनावी बदनामीची पत्रके येथेच अडकतात.

पाचवी पायरी : पैसा

महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यात उमेदवाराला लोकसभेसाठी ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये खर्चाची मर्यादा जानेवारी २०२२ पासून आहे. पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाही आणि तारांकित प्रचारकांचा, म्हणजे पक्षाने यादी देऊन जाहीर केलेल्या प्रमुख प्रचारकांचा, प्रवासखर्चही उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही, त्यामुळे ‘साधेपणाने निवडणूक लढवतो’ या दाव्याची पूर्ण परीक्षा उमेदवाराच्या खर्चाच्या नोंदवहीवरून होत नाही. तरीही प्रचारकाळात खर्च निरीक्षक ती वही किमान तीनदा तपासतात आणि निकालानंतर तीस दिवसांत अंतिम हिशेब सादर करावा लागतो. तो नाममात्र शुल्क भरून कोणालाही पाहता येतो. आपण पाहिलेल्या सभेचा दिनांक, मंडप, वाहने आणि फलक यांची अंदाजे नोंद ठेवली असेल, तर ती सभा हिशेबात आली आहे का, हे ताडता येते. पक्षांच्या देणग्यांसाठी आयोगाच्या संकेतस्थळावरील वार्षिक विवरणे पाहावीत. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे, म्हणजे देणगीदाराचे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याची योजना, रद्द केल्यानंतर प्रसिद्ध झालेली यादीही तेथे आहे. रोख्यांवर टीका करणाऱ्यांपैकी काहींनी ते स्वीकारले होते आणि काहींनी नाकारले होते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

सहावी पायरी : प्रश्न विचारणे

दुसऱ्या पक्षाच्या सभेत कार्यकर्त्यांनी प्रश्न विचारून गोंधळ घालणे आचारसंहितेला मान्य नाही, आणि सभा उधळणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२७ खालील गुन्हा आहे. म्हणून घरभेट, कोपरासभा, रहिवाशांनी किंवा महाविद्यालयाने सर्व उमेदवारांना बोलावलेली चर्चा, किंवा लेखी पत्र हे मार्ग निवडावेत. ‘तुम्ही खोटे का बोलता?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची कोणालाच गरज वाटत नाही. त्याऐवजी असे विचारावे : ‘मागील जाहीरनाम्यात आपण अमुक उपकेंद्राचे आश्वासन दिले होते. त्याचा शासन निर्णय अमुक दिनांकाचा आहे, परंतु दोन अर्थसंकल्पांत तरतूद दिसत नाही. ती का झाली नाही, आणि आपण त्यासाठी सभागृहात केव्हा प्रश्न मांडला?’ हाच साचा सर्व उमेदवारांना सारखा लावावा, मिळालेले उत्तर शब्दशः लिहून घ्यावे आणि उत्तर टाळले गेले तर तेही लिहावे.

निकालानंतरच्या तारखा

निवडणुकीत भ्रष्ट आचरण झाले असेल, तर त्या मतदारसंघातील कोणताही मतदार निकालापासून ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करू शकतो. हा मार्ग खर्चिक आहे, वकिलाशिवाय चालण्यासारखा नाही, आणि त्याला लागणारा वेळ मन खचवणारा असू शकतो. विलेपार्ले येथील १९८७ ची विधानसभा पोटनिवडणूक धर्माच्या नावाने केलेल्या प्रचारामुळे मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय १९९५ मध्ये कायम केला; तोपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून पाच वर्षे लोटली होती. तरीही प्रचारसभेत काय बोलले गेले याची तपशीलवार नोंद होती म्हणूनच ते प्रकरण उभे राहू शकले.

याचिकेपर्यंत न जाणाऱ्या मतदारासाठी काम सोपे, परंतु दीर्घ आहे. प्रचारात दिलेल्या आश्वासनाला सभागृहात कोणीही जबाबदार धरत नाही. मात्र मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी संसदेत आणि विधिमंडळात आश्वासन समित्या आहेत. म्हणून आपल्या आमदाराला पत्र लिहून जाहीरनाम्यातील एखादा मुद्दा तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते) किंवा लक्षवेधी सूचनेद्वारे मांडण्यास सांगावे, जेणेकरून व्यासपीठावरील वाक्य सभागृहाच्या अधिकृत नोंदीत येईल. प्रत्येक अधिवेशनानंतर वहीतील त्या पानावर एक ओळ वाढवावी. पुढील निवडणुकीत नवा नमुना २६ सूचनाफलकावर लागेल, तेव्हा ही वही आणि मागचे शपथपत्र घेऊन पहिल्याच दिवशी तेथे जावे, कारण अर्जांची छाननी आणि माघार यांच्यात मोजकेच दिवस असतात.